वाचकांचे प्रश्न : कोपऱ्यातला पलंग, उशाला फळी नाही

बेळगाव, खानापूर, हल्याळ, निपाणी या भागातून आलेल्या काही पत्रांचा विषय एकच आहे. खोली लहान, म्हणून पलंग कोपऱ्यात सरकवलेला. दोन बाजूंना भिंत, उशाला हेडबोर्ड नाही. तो दिसायला नेटका आणि वापरायला सोयीचा कसा करायचा, असं सगळ्यांनी विचारलं आहे.

उत्तरांआधी सगळ्यांसाठी एक सूचना. दोन्ही भिंती सारख्याच सजवायला जाऊ नका. एक भिंत पाठीची, जिला टेकून बसायचं. दुसरी कुशीची, जिच्या कडेला झोपायचं. कुठली भिंत कशाची हे आधी ठरवा, कारण मापं, कापड, दिवा, खिळे सगळं त्यावरच ठरतं. बहुतेक घरांत हे न ठरवताच खरेदी होते आणि चार उशा, दोन फ्रेमा लावूनही पलंग कोपऱ्यात टाकून दिल्यासारखा दिसतो.

प्रश्न : टिळकवाडीतल्या आमच्या घरात मुलीची खोली १० बाय ११ फुटांची आहे. ६ बाय ४ चा लोखंडी पलंग कोपऱ्यात आहे. सहा फुटी बाजू एका भिंतीला, चार फुटी दुसऱ्या भिंतीला. ती दिवसभर त्यावरच बसून अभ्यास करते. उशा घसरतात, भिंतीचा रंग पाठीला लागतो आणि सगळं रेल्वेच्या बर्थसारखं दिसतं. सुताराकडून काही करून घ्यावं, की लोड-तक्क्यांनी भागेल?

उत्तर : अभ्यास पलंगावरच होतो, तेव्हा पाठीची भिंत सहा फुटांची. रात्री उशी चार फुटी भिंतीकडे. म्हणजे लांब भिंतीला टेकण्याची पक्की सोय हवी, आखूड भिंतीला उशीमागे थोडा आधार पुरे.

आधी रंगाचं बघा. पाठीला रंग लागतो म्हणजे भिंतीला साधा डिस्टेंपर आहे. त्यावर थेट इमल्शन मारू नका, वर्षभरात पापुद्रे सुटतील. डिस्टेंपर घासून काढा, प्रायमर द्या, मग धुता येणारं इमल्शन. डोक्याच्या तेलाचे डाग पडले असतील तर ते नुसत्या रंगाने झाकत नाहीत, दोन हात मारले तरी वर येतात. भांड्यांच्या साबणाने डाग धुवा, भिंत पूर्ण वाळू द्या, तेवढ्या भागावर ऑइल प्रायमर लावा आणि मग रंग.

लोड-तक्क्यांनी भागतं, पण बैठक किती खोल आहे याचा हिशोब ध्यानात घ्या. खुर्चीची बैठक साधारण १८ ते २० इंच खोल असते, तुमच्या पलंगाची ४८ इंच. पाय खाली सोडून बसलं की पाठ भिंतीला पोचत नाही. म्हणून मुलगी पोक काढून बसत असणार. मांडी घालून बसायला ३० इंच पुरतात. तेव्हा भिंतीकडून १५ ते १८ इंच भरून काढायचे: मागे २४ बाय २४ इंचांचे, सहा-सात इंच जाड तक्के उभे, त्यांच्या पुढे ९ इंच जाडीचे गोल लोड.

तक्के तीन करा. ७२ इंचांचा एकच लांब तक्क्या शिवून घेऊ नका. तो मधे बसतो, उचलायला जड जातो आणि अभ्रा धुवायला काढायचा म्हटलं की दोन माणसं लागतात. अभ्रा आतल्या तक्क्यापेक्षा इंचभर लहान शिवायचा. २४ च्या तक्क्याला २३ चा. बरोबर मापाचा अभ्रा थोड्या वापरानंतर कोपऱ्यांशी रिकामा लोंबतो आणि सगळी बैठक जुनी दिसायला लागते. लोडात कापूसच भरून घ्या. दोन फूट लांब, ९ इंच जाड लोडाला अडीच ते तीन किलो लागतो. फायबरचा लोड हलका खरा, पण टेकलं की पसरतो. तक्क्याला मात्र फायबर चालतं, एकात किलो-सव्वा किलो.

सुताराचं काम करायचं असेल तर फोम लावून कापडाने मढवलेली दोन पॅनेलं हा सर्वांत टिकाऊ उपाय. मापं अशी घ्या. १२ मिलिमीटरच्या प्लायवर एक इंच फोम आणि कापड, मागे टांगायची १२ मिलिमीटरची पट्टी, मिळून जाडी झाली साधारण दोन इंच. लांब पॅनेल थेट कोपऱ्यात घुसवायचं. आखूड पॅनेल त्याच्या तोंडाशी येऊन थांबतं. पलंग या दोन्ही पॅनेलांना टेकणार, म्हणजे लांब पॅनेल ७२ अधिक २ असं ७४ इंच हवं आणि आखूड बरोबर ४८. इथेच चूक होते. सुतार पलंगाचं माप घेतो आणि ७२ चं पॅनेल कापतो. मग पायथ्याशी दोन इंच उघडी भिंत राहते. कापडाची घडी धरून प्लाय प्रत्येक टोकाला दोरभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी कापायचा.

उंची २४ इंच ठेवली तर ८ बाय ४ च्या एकाच प्लायमध्ये दोन्ही पॅनेलं बसतात. प्लाय उभा मधोमध चिरला की दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या: एकीतून ७४, दुसरीतून ४८. उरलेल्या तुकड्यांतून टांगायच्या पट्ट्या निघतात. या २४ पैकी खालचे चार इंच गादीच्या वरच्या कडेखाली जाऊ द्यायचे, म्हणजे उशी आणि पॅनेल यांच्यात फट पडत नाही. वर २० इंच दिसतात. पाठीला एवढं पुरतं. डोकंही टेकवायचं असेल तर ३२ इंची पॅनेल लागेल आणि दुसरा प्लाय आणावा लागेल. आमच्या मते त्याची गरज नाही. लहान खोलीत उंच पॅनेल भिंत खाऊन टाकतं.

फोम ३२ डेन्सिटीचा घ्या. त्याहून हलका फोम टेकायच्या जागी लवकर दबतो आणि कापडावर खळगा दिसतो. कापड ५४ इंची पन्ह्याचं असेल तर ते आडवं वापरा: दोन्ही पॅनेलांना दुमडीसह ८० आणि ५४ इंच लांबी लागते, म्हणजे साडेतीन मीटर. पन्ह्यातले ३० इंच पॅनेलांना जातात आणि उरलेल्या दोन फूट रुंद पट्टीतून उशांचे अभ्रे निघतात. मात्र कापड उभ्या पट्ट्यांचं किंवा वर-खाली दिशा असलेल्या नक्षीचं असेल तर आडवं वापरल्यावर नक्षी झोपलेली दिसेल. आडवं वापरायला साधं किंवा बारीक विणीचं कापड बरं.

कापड ठोकताना चारही कडांच्या मध्यावर आधी एकेक पिन मारायची, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकत दर दीड इंचावर, आणि कोपरे सर्वांत शेवटी. एका टोकापासून सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला तिरप्या सुरकुत्या गोळा होतात. त्या नंतर निघत नाहीत, सगळ्या पिना उपसाव्या लागतात. पिना ८ किंवा १० मिलिमीटरच्या.

टांगायला तीन इंच रुंदीची पट्टी मधोमध ४५ अंशांत चिरायची. एक भाग पॅनेलला उलटा, दुसरा भिंतीला सुलटा, म्हणजे पॅनेल वरून अडकतं आणि धुवायला-झटकायला उचलून काढता येतं. पॅनेलच्या बाजूला १९ मिलिमीटरचेच स्क्रू वापरा. प्लाय आणि पट्टी मिळून जाडी २४ मिलिमीटर. २५ चा स्क्रू प्लायमधून बाहेर येऊन फोममध्ये टोचेल. भिंतीच्या बाजूला ८ मिलिमीटरचा प्लग, दोन इंची स्क्रू, दर १६ इंचांवर एक.

राहिली भिंतीची सजावट. चित्र किंवा फ्रेम एकाच भिंतीवर लावा, दोन्हींवर नको. पाठीच्या भिंतीवर लावायची असेल तर ती पलंगाच्या मध्याशी जुळवा, खोलीच्या भिंतीच्या मध्याशी नको. फ्रेमची खालची कड पॅनेलपासून ८ ते १० इंच वर. डोक्यावर काचेची फ्रेम टांगू नका, अॅक्रिलिक घाला.

प्रश्न : खानापूरजवळच्या गावात आमचं जांभ्या दगडाचं कौलारू घर आहे. माजघराच्या कोपऱ्यात पलंग आहे. पावसाळ्यात त्यामागे बुरशी येते, गादीला कुबट वास मारतो. भिंतीला फोमचं पॅनेल लावलं तर गारवा कमी होईल का? आणि जांभ्यात खिळा टिकत नाही, त्याचं काय?

उत्तर : फोमचं पॅनेल लावू नका. गारवा कमी वाटेल, पण ओल आत अडकेल आणि एका पावसाळ्यात फोम, प्लाय, कापड तिन्ही वाया जाईल. तुमच्या घराला भिंतीपासून सुटा असलेला आधार हवा.

ओल कुठून येते ते आधी तपासा. एक फूट चौकोनी प्लॅस्टिक भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतून, भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर भिंतच ओली आहे. बाहेरून, खोलीकडच्या बाजूला धरलं तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. खोलीची हवा दमट असेल तर पलंगामागे वारा खेळता ठेवला की बरंच काम होतं. भिंतच ओली असेल तर ओल खालून चढते की बाहेरच्या झडीने येते ते बघायचं. खालून चढणारी ओल जमिनीपासून वर दोन-तीन फूट सलग दिसते. झडीची ओल त्या बाजूच्या भिंतीवर कुठेही, पाऊस लागला की वाढते आणि उघडीप मिळाली की कमी होते. झडीसाठी काम बाहेरून करायचं आणि ते मे महिन्यात उरकायचं. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या भिंतीला काहीही लावलं तरी धरत नाही. आतून ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक रंग देऊन ओल झाकायला गेलात तर फुगे येतील. जांभ्याच्या भिंतीला चुनाच बरा, तो भिंतीला वाळू देतो. चुना कपड्यांना लागतो ही तक्रार खरी, पण तो आधार पुढे आला की भिंतीशी अंगच लागणार नाही.

आता आधार. पलंग दोन्ही भिंतींपासून तीन इंच दूर घ्या. पलंगाच्याच पायांना, भिंतीला नव्हे, तीन उभे वासे बोल्टने जोडा: दोन इंच रुंद, एक इंच जाड, गादीच्या वर २४ इंच येतील एवढे. त्यांना आडव्या पट्ट्या मारा, दोन पट्ट्यांत एक इंच फट. वरून दीड इंची गोल दांडी. या दांडीवर वाकळ किंवा जमखाना दुहेरी घडी करून टाकायचा. खानापूर-हल्याळ पट्ट्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे हाताने शिवून जी रंगीत कौदी करतात ती इथे फार शोभते, आणि जाड टाक्यांमुळे टेकायलाही बरी. ऊन पडलं की दांडीवरून ओढायची आणि परड्यात वाळत घालायची. पावसाळ्यात घोंगडं टाकू नका. लोकर दमट हवा धरून ठेवते, कुबट वास त्यालाच आधी मारतो.

गादीखाली सलग प्लाय असेल तर त्याला दर सहा इंचांवर एक इंची भोकं पाडून घ्या. खाली खण असलेला बॉक्सचा पलंग या कोपऱ्यात ठेवूच नका. कापसाची गादी आठवड्याला एकदा उभी करून ठेवा, भिंतीकडची बाजू बाहेर.

जांभ्यात खिळा न टिकण्याचं कारण त्यातली भोकं. ड्रिल आत जाताना मधेच हिसका बसून सैल झालं तर समजायचं की पोकळी लागली, तिथे प्लग फिरत राहणार. ड्रिल हातोडीच्या ठोक्याशिवाय, नुसतं फिरवून चालवा. १० मिलिमीटरचं भोक, लांब प्लग. पोकळी लागली तर भोक पाण्याने भिजवून एकास तीन सिमेंट-वाळूने भरा, दोन-तीन दिवस पाणी मारा आणि मग त्यातच नवीन भोक घ्या. दगडांच्या सांध्यात, विशेषतः मातीच्या सांध्यात, कधीच नको. आणि जी वस्तू पलंगाला जोडता येते ती भिंतीला लावू नका, हा जांभ्याच्या घरांतला सर्वांत सोपा मार्ग.

प्रश्न : पलंग भिंतीला लावला तरी मधे फट राहते. उशी, मोबाइल, मुलांची पुस्तकं सगळं त्यात जातं. टाइल्सवर पलंग सरकतोही.

उत्तर : फट राहते ती स्कर्टिंगमुळे. खालची टाइल भिंतीच्या अर्धा इंच पुढे असते, पलंगाचा पाय तिला अडतो. पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला स्कर्टिंगच्या जाडीची लाकडी पट्टी स्क्रूने मारली की फट बुजते. पट्टी पलंगाला लावा, म्हणजे झाडायला ओढला की सोबत येते. सरकण्यावर उपाय पायांना रबरी बूट. दुकानात जाताना पाइपचं बाहेरचं माप घेऊन जा. चौकोनी पाइप एक, सव्वा आणि दीड इंचांचे असतात आणि सैल बूट आठवड्यात निघतो. फटीत फोमची गुंडाळी कोंबणं टाळा. ती गादीला बाहेर ढकलते आणि समोरच्या बाजूने गादी कडेवर येते.

प्रश्न : वडगावहून लिहिते आहे. आजीची जुनी इरकल साडी आहे. तिचा पदर पलंगामागे भिंतीवर लावायचा विचार आहे. पिना मारून फळीवर ताणली तर चालेल का?

उत्तर : ताणू नका आणि पिना तर मुळीच मारू नका. पारंपरिक इरकलीचं अंग सुती ताण्याचं आणि पदर रेशमी ताण्याचा असतो. हे दोन ताणे मागावर फासे अडकवून एकमेकांना जोडलेले असतात. साडी जुनी झाली की तो जोडच सर्वांत नाजूक. फळीवर ओढून बसवली की ओढ नेमकी तिथे येते आणि आडवी चीर जाते.

असं करा. साडी कापायची नाही. जेवढा भाग दाखवायचा तेवढा मोकळा ठेवून बाकीची साडी मागे सैल घडी करून ठेवायची. मागून धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर लावायचं. कोरा मांजरपाट आटतो, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा. साडी अस्तरावर सपाट टाकून दर आठ-दहा इंचांवर उभी धावदोऱ्याची ओळ घालायची. टाके लांब आणि सैल, सुती दोऱ्याने, सुई बारीक. म्हणजे वजन सगळ्या अस्तरावर वाटलं जातं. अस्तराच्या वरच्या कडेला तीन इंचांची पोकळ दुमड शिवून त्यातून दांडी घालायची. दुमड अस्तराचीच हवी, साडीची नव्हे.

जागा निवडताना दोन गोष्टी सांभाळा. खिडकीचं थेट ऊन पदराच्या तांबड्या रंगावर पडू देऊ नका. आणि पदराची खालची कड गादीपासून निदान ३० इंच वर ठेवा, नाहीतर टेकणाऱ्या डोक्याचं तेल रेशमात जाईल. खालच्या त्या ३० इंचांत धुता येतील असे सुती तक्के ठेवा. टांगण्याआधी ओला पांढरा कपडा पदराच्या एका कोपऱ्यावर दाबून बघा. रंग लागला तर दमट हवेत तो अस्तरावर आणि भिंतीवरही उतरेल. अशी साडी पावसाळ्यात उतरवून सुती कापडात गुंडाळून ठेवा.

उशांना जोड हवी असेल तर गुळेदगुड्डच्या खणाचे अभ्रे करा. खण अरुंद पन्ह्याचा असतो, १६ इंची अभ्र्याला बरोबर बसतो. समोर खण आणि मागे सुती कापड लावा. दोन्ही बाजूंना खण लावला की उशी गुळगुळीत होऊन सारखी घसरते. अशा दोनच उशा ठेवा. पदराशेजारी जास्त नक्षी आली की पदर दिसेनासा होतो.

प्रश्न : भाड्याच्या खोलीत राहतो. मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत. चिकटपट्टीचे हुक दोनदा पडले, रंगही निघाला.

उत्तर : डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकतच नाही. ती भिंतीला नव्हे, वरच्या भुकटीला चिकटते. तुमचा पलंग लोखंडी असेल तर पाइपच्या मापाचे चार यू क्लॅम्प घ्या आणि पाठीच्या बाजूला दोन उभे वासे पलंगाच्या पायांना आवळा. वासे जमिनीला टेकलेले हवेत, नुसते पलंगावर लोंबते नकोत. लोंबते असले तर पाठ टेकली की सगळा जोर क्लॅम्पवर येतो आणि पाइप फिरतो. त्या वाशांवर प्लाय किंवा तयार चटई बसवा. वाशांच्या मागे, भिंतीला लागणाऱ्या ठिकाणी, जाड कापडाचे तुकडे चिकटवा, म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही. खोली सोडताना क्लॅम्प सोडले की झालं.

प्रश्न : हल्याळहून. कोपऱ्यातल्या पलंगावर चादर नीट बसत नाही आणि मच्छरदाणी बांधली की खोलीभर दोऱ्या होतात. हे दोन्ही सुधारता येईल का?

उत्तर : चादर न बसण्याचं कारण तयार मापं. सिंगल चादर ६० बाय ९० इंच, डबल ९० बाय १००. तुमचा पलंग ६ बाय ४ चा आणि गादी पाच इंच जाड धरली तर हिशोब असा: भिंतीकडच्या बाजूंना पाच इंच जाडी आणि सहा इंच आत खोचायला, मिळून ११. उघड्या बाजूंना १४ इंच लोंबती. रुंदी ४८ अधिक ११ अधिक १४, म्हणजे ७३. लांबी ७२ अधिक ११ अधिक १४, म्हणजे ९७. सिंगल अपुरी, डबल रुंदीला १७ इंच जास्त. डबल चादर घ्या आणि भिंतीकडच्या बाजूने १५ इंचांची पट्टी कापून कड दुमडा. त्या पट्टीतून झिप लावून १४ इंचांचे तीन अभ्रे होतात. काठाची चादर असेल तर काठ उघड्या दोन बाजूंनाच राहील अशीच कापा.

भिंतीकडचे कोपरे रोज खोचणं हाताला अवघड, म्हणून त्या कोपऱ्यांना आतून आठ इंचांचं इलॅस्टिक तिरकं शिवा. अंथरताना आधी भिंतीतला कोपरा अडकवायचा, मग त्याच्या शेजारचे दोन, शेवटी मोकळा. उलट केलं की आतल्या कोपऱ्यापाशी झोळ राहतो आणि तो काढायला पलंगावर गुडघे टेकून चढावं लागतं.

मच्छरदाणीला कोपऱ्याची जागा खरं म्हणजे सोयीची आहे. चार टोकांपैकी तीन भिंतींवर येतात: एक कोपऱ्यात, एक लांब भिंतीच्या शेवटाला, एक आखूड भिंतीच्या. फक्त चौथं मोकळं राहतं, त्यासाठी छताला एकच हुक. चारही साडेसहा फुटांच्या उंचीला बांधा, चौथी दोरी छतातून सरळ खाली येऊ द्या. पंख्याच्या पात्यापासून ती निदान दोन फूट दूर हवी. सकाळी मोकळी टोकं सोडून दाणी कोपऱ्यातल्या हुकाशी गोळा करायची आणि चादरीच्याच कापडाच्या पट्टीने बांधायची. दाणी भिंतीकडच्या बाजूनेही गादीखाली खोचायला विसरू नका. भिंत आहे म्हणून ती बाजू मोकळी सोडतात आणि डास तिथूनच आत येतात. झोपणाऱ्याचा हात दाणीला लागून राहतो तो या कुशीच्या बाजूला. तिथे एक लांबट लोड ठेवला की चावणं थांबतं.

प्रश्न : वाचायचा दिवा कुठल्या भिंतीवर लावावा? बटण उठून बंद करावं लागतं.

उत्तर : कुशीच्या भिंतीवर, उशीच्या वर नेमका नको. गादीपासून २० ते २४ इंच उंच आणि उशीच्या भिंतीपासून फूटभर पुढे. ५ ते ७ वॅटचा, पिवळसर प्रकाशाचा, २७०० ते ३००० केल्विनचा एलईडी. पुढे झाकण असलेला घ्या, नाहीतर शेजारी झोपणाऱ्याच्या डोळ्यावर येतो. भिंत फोडायची नसेल तर वायर अर्धा किंवा पाऊण इंची पीव्हीसी केसिंगमधून कोपऱ्याच्या रेषेनेच खाली आणा, डोळ्याला दिसत नाही. बटण वायरवरच बसवून घ्या. वायर किंवा एक्स्टेंशन बोर्ड गादीखालून, तक्क्यामागून नेऊ नका. दाबाने वायरचं आवरण फाटतं आणि कापसाला ठिणगी पुरते. भिंतीवरचा बोर्ड पॅनेलमागे जात असेल तर पॅनेल कापा, बोर्ड झाकू नका.

प्रश्न : निपाणीत नवीन घर घेतलंय. पलंगाच्या चार फुटी भिंतीत खिडकी आहे, तिची खालची कड गादीपासून १८ इंचांवर येते. उशी त्या बाजूला घ्यावी का? घरात चार वर्षांचा मुलगा आहे.

उत्तर : हेडबोर्ड नसण्याचा फायदा हाच की उशाची बाजू बदलता येते. पण तुमच्या पलंगाचं दुसरं चार फुटी टोक मोकळं आहे; तिथे उशी घेतली तर ती रात्री खाली पडते. तेव्हा उशी खिडकीकडेच ठेवा. घरात दिशेचं पाळत असाल तर पलंग ठेवण्याआधीच बघून घ्या, नंतर कोपरा बदलणं अवघड.

खिडकीखाली पॅनेल हवं असेल तर दिसणारी उंची १५ इंच ठेवा, वर तीन इंच मोकळे. पॅनेल कडेला भिडवलं की पावसाचं पाणी कडेवरून थेट फोममध्ये उतरतं. खिडकीला बाहेरून सज्जा नसेल तर आधी तो करून घ्या. तोवर पॅनेलऐवजी काढता येणारे तक्के वापरा. पडदा खिडकीच्या कडेखाली चार इंचच उतरू द्या. जमिनीपर्यंतचा पडदा पलंगामागे चुरगळतो आणि मूल त्याला लोंबकळतं. पडद्याची ओढायची दोरी किंवा साखळी मुलाच्या हाताला येईल अशी ठेवू नका, साधी कडीवर सरकणारी जोडी घ्या.

मुलासाठी खिडकीचं ग्रिल तपासा. दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी हवं आणि ग्रिल चौकटीत पक्कं हवं. आडव्या गजांचं असेल तर मूल त्यावर शिडीसारखं चढतं. त्यावर आतून बारीक जाळीची चौकट बसवून घ्या. या खिडकीखाली मोठे, कडक तक्के रचू नका, त्यावर उभं राहून मूल कडेपर्यंत पोचतं. मऊ, चपट्या दोन उशा पुरेत. मूल भिंतीच्या बाजूला झोपत असेल तर पलंग आणि भिंत यांच्यातली फट लाकडी पट्टीने पूर्ण बुजवा आणि गादी पलंगाच्या चौकटीत घट्ट बसते का ते बोट घालून बघा.